चित्र न दिसल्यास

इसाफ्योर्दुरच्या वाचनालयात मंगळवारी संध्याकाळी
आम्ही सातजण.
संध्याकाळ म्हणायचं आपलं. नोव्हेंबर सरताना
डोंगराआड गेलेला सूर्य
जानेवारीअखेरच परततो इथे.

शिकवणारी हाल्बेरा, एकोणीस वर्षांची.
म्हणते, टॅगला दोन टोकदार कंस,
उघडलात की तिरकी रेघ देऊन मिटायचा.
मनात म्हटलं, पोरी, सोळा वर्षं कॉड कापतेय मी,
सुरी आत गेली की कुठे थांबायचं
ते माझ्या मनगटाला विचार.

तरी पहिल्याच दिवशी ठळक अक्षरांचा टॅग मिटायला विसरले
आणि खालचं सगळं पान ओरडू लागलं :
झेनोबिया, कारखान्याचा पत्ता,
बसच्या वेळा, पूर्णविरामसुद्धा.
आमच्या घरी असंच व्हायचं. एकाने आवाज चढवला
की रात्रीपर्यंत कोणी उतरवायचं नाही.

पानाला डोकं असतं आणि अंग.
डोक्यातलं पानावर उमटत नाही,
हे मला वेगळं सांगावं लागलं नाही.

यादी जमली. तक्ता जमला,
पाळ्यांचं वेळापत्रकच मांडलं त्यात :
सोमवार पहाट, वांडाची रजा, बर्फाचं मशीन बंद.
मग चित्र.
बोगुस्वाफचा एक फोटो आहे फोनमध्ये.
धक्क्यावर, पिवळा रेनकोट, पाठमोरा.

'चित्र दिसलं नाही तर काय वाचावं, ते लिहा,'
हाल्बेरा म्हणाली, 'ज्याला डोळे नाहीत त्याच्यासाठी,
ज्याचं नेट रखडलंय त्याच्यासाठी. थोडक्यात.'

थोडक्यात.
'धक्क्यावर माणूस' लिहिलं. खोडलं.
'माझा नवरा' लिहिलं आणि पुढे
आहे की होता, तिथे बोट अडलं.
शेजारी म्हाताऱ्या स्टेइनग्रिमुरचं पान तयारही झालं,
निळ्या जमिनीवर तीन मेंढ्या, एक वाकडी.
आठला दिवे मालवायला माणूस आला.
घाईत पोलिशमध्ये टाइप केलं :
पिवळ्या रेनकोटातला माणूस. आता वळेल.

आणि सवयीने, खाली,
मिटायचा टॅग.

हाल्बेरा वाकली. तिला पोलिश येत नाही.
'हा नको,' शेवटच्या टॅगवर बोट ठेवून म्हणाली,
'चित्राला मिटवणारी जोडी नसते.
ते एकटंच असतं. असंच उघडं सोडायचं.'

बसला चार मिनिटं होती.
'खोडलात ना?' तिने दारातून विचारलं.
खोडला, म्हटलं.