सांग तुह्या बापाले

चाफले साउंड सर्व्हिस, मुक्काम बोरखेडी.
दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर, लाल पिशवीतला माईक.
बारशापासून तेरवीपर्यंत सारं गाव
माझ्या बापाच्या आवाजावर जेवायला बसायचं.
घरात मात्र बाप आईशी बोलत नव्हता,
आई बापाशी.
सात वर्षं.

मधली वायर मी.

"वच्छे, सांग तुह्या बापाले,
गिळाचं असन तं गीळ म्हणा,
नाई तं कुत्र्याले टाकतो."
चुलीपासून सपरीपर्यंत वीस पावलं.
तेवढ्यात वाक्य धुऊन काढायचे मी.
"बाबा, माय थांबली हाय जेवाची."
बाप सोल्डरिंगवरून मान न उचलता म्हणायचा,
"सांग तिले, मले भूक नाई तिच्या हातची."
परतीची वीस पावलं.
"माय, बाबा म्हणते, पातोडीचा वास लय दूर गेला."

आई चुलीत तुराटी सारायची.
ताटात एक पातोडी जास्त पडायची.
मी खोटं बोलते हे ठाऊक होतं का त्यांना?
असावं.
ती वीस पावलं त्यांनीच मला मोजून दिली असावीत.

भांडण कशाचं, ते दोघांना वेगळं आठवतं.
आई सांगते, मावशीच्या लग्नात
हिला जेवलीस का असं कोणी विचारलं नाही, त्यानंही नाही.
बाप म्हणतो, कढई होती एक.

मी नर्सिंगला वर्ध्याला गेले.
पेशंटच्या डोळ्यांच्या उंचीला बसा,
त्याचं वाक्य त्यालाच हळू परत विचारा,
असं शिकवायचे तिथं.
परीक्षेत आलं, संवादातले अडथळे लिहा, गुण पाच.
मी सहा लिहिले.
स्वतःचं नाव लिहिलं नाही.

घरी माझ्या जागी शेळी लागली. चंपी.
शेजारच्या बेबीबाई नेहारे कुंपणावरून ऐकायच्या,
"चंपे, नळ येऊन गेला. कोणाले आंघोळ कराची असन
तं बकेट भरून हाय."
"चंपे, बीपीच्या गोळ्या उद्यापुरत्याच हायेत,
आर्वीले जानाऱ्यानं ध्यानात ठेवाव."
शेळी काही वाक्यं धूत नाही.
ऐकते, कान हलवते, लेंड्या टाकते.
तिच्यापुढे शिव्या वाया जातात,
म्हणून असेल, हळूहळू कमी झाल्या.

मग त्या दिवशी सप्ताहाची ऑर्डर होती.
बापानं कर्णे निंबावर चढवले.
"हॅलो. हॅलो. एक, दोन, तीन.
आवाज येऊन राहिला काय?"
गाव सारं वावरात. चंपी चरायला गेलेली.
कोणाचा ओ नाही.
बापानं घसा खाकरला. तोही निंबावरून गेला.
"आवाज येऊन राहिला काय?"

आतून आई, कोपरापर्यंत पीठ,
"येऊन राहिला."

माईक चालूच होता.
बेबीबाईंनी ते कापसाच्या ओळीत ऐकलं
आणि खुरपं टाकून मला फोन लावला.

मी आईला लावला.
"काई नाई वं माय, माईक तपासला त्यानं."
"मग?"
"मंग काय. खरखर करते म्हटलं.
डावा कर्णा बदलवा लागते."

मागं कुठून तरी, फोनपासून चार पावलांवर,
बाप,
"सांग तिले,
डावा नाई. उजवा."