प्रकरण चौथे

शाळेच्या पत्र्याखाली बैठक भरली,
मुलांच्या बाकांवर मोठी माणसं, गुडघे हनुवटीपाशी.
मी आराखड्याच्या चार प्रती नेल्या होत्या,
एकशे बारा पानं, माऊच्या जंगलाची पुढली पाच वर्षं,
आणि एक नकाशा, जो फळ्यावर काही केल्या बसेना,
म्हणून चेप्टोरुसबाईंनी त्याचं खालचं टोक धरून ठेवलं,
शेवटपर्यंत.

हरकती आणि सूचना मांडाव्यात, असं मी बरंच लांबण लावून म्हणालो.
दुभाष्यानं ते तीन शब्दांत उरकलं
आणि लोक हसले.

आधी आलं ते नेहमीचंच:
सरपणाचे दिवस आठवड्यातून दोन की तीन,
सायप्रसची रोपं ऐन कोरड्या महिन्यांत का लावता,
गेटवरचा रखवालदार पैसे घेतो, पावती देत नाही.
मी उतरवून घेत होतो. पेन दोनदा बदललं.

मग लेसिंगो उठला. अंगाला धुराचा वास,
मधमाश्यांना देतात त्या धुराचा, किंचित गोड.
म्हणाला, यात आमचं नाव कुठं कुठं आहे
तेवढं वाचून दाखव.

शोधायला वेळ लागला.
सापडलं. प्रकरण चौथं, जंगलाला असलेले धोके:
वणवा, चोरटी तोड, मोकाट गुरं, कीड,
आणि पाचव्या ओळीत, मध गोळा करणारे ओगिएक.

आणखी?

मी पानं उलटत राहिलो.
पत्र्यावर कुठलासा पक्षी चालत होता,
त्याची नखं ऐकू येत होती.
आणखी नाही.

आधीच्या साहेबांनी लिहिलंय, असं तोंडावर आलं होतं.
पण आधीच्या साहेबांचं टंकून मीच दिलं होतं.

म्हणालो, इथून काढतो,
दुसऱ्या प्रकरणात नेतो, जंगल राखणारे, त्यात घालतो.
मला वाटलं, मिटलं.

तो म्हणाला, ने. पण आग तिथंच राहू दे.
त्या दुष्काळात माझ्या भाच्याच्या हातून पलिता पडला,
अकरा देवदार गेले.
ते लिही. त्याचं एकट्याचं लिही.
भाचा मागच्या बाकावर होता.
त्यानं मान वर केली नाही,
उठूनही गेला नाही.

मग नकाशा. ओंडक्यांची पोळी ज्या झाडांवर टांगलीत
ती दाखवा, म्हणजे तिथे कुऱ्हाड लागणार नाही,
असं म्हणून मी लाल टाचण्या पुढे केल्या.
लेसिंगोनं डबी घेतली, कानाशी हलवून पाहिली,
परत दिली.
चेप्टोरुसबाई नकाशाआडून बोलल्या:
आज तू विचारतोयस. उद्या हा कागद कुणाच्या हाती पडेल?
मोकळ्या हाताच्या बोटानं त्यांनी एक तुकडा दाखवला,
ओढ्यापासून कड्यापर्यंत.
एवढा कोरा ठेव.
आणि तोडू नकोस.

सुधारित आराखडा नाकुरूला गेला,
तिथून विचारणा आली: कप्पा सतरा, माहिती अपूर्ण?
मी तीन उत्तरं लिहिली, दोन खोडली.
राहिलं ते असं:
माहिती पूर्ण आहे.
ती आमच्याकडे नाही.

पोच आली.
गेटवरच्या पावतीचं मात्र
अजून तसंच आहे.