नाडी

जानेवारीतला दुसरा गुरुवार.
उजाडलं आठला, तेही नाइलाजाने.
हेडली फाटकाशी उभा, गळ्यात दुर्बीण,
खिशात वही, वहीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.
थंडीत शाई गोठते, म्हणतो.
खरं तर पेनं हरवतो.

"ग्वेन, उशीर."
"चार मिनिटं."
एकतीस हिवाळे आमचं सुप्रभात एवढंच.

प्रिचर्डच्या रानात सऱ्यांवर दहिवर कडक झालंय,
डबक्यांवर बर्फाची पातळ साय.
मी मुद्दाम तीवर पाय देते.
अडुसष्टाव्या वर्षीही तो आवाज सोडवत नाही.

हॉथॉर्नच्या कुंपणात शेवटची लाल फळं
आणि त्यांच्यावर तुटून पडलेले फील्डफेअर,
नॉर्वेहून समुद्र ओलांडून आलेले,
आल्या आल्या शेजाऱ्यांसारखे भांडणारे.
हेडली मोजतो, ओठ हलवत.
"बासष्ट."
माझे चाळीसनंतर एकमेकांत मिसळले होते.
मी मान डोलावते.

ओढ्याकडच्या उतारावर कोल्ह्याचा माग:
एकापुढे एक, सरळ,
घाईत घातलेल्या धावदोऱ्यासारखा.
तारेला चार तांबूस केस.
हेडली गुडघा टेकून वास घेतो.
"रात्रीचाच आहे."
उठताना माझा खांदा धरतो.
याची वहीत नोंद नाही.

मग चर्च. चर्चमागे यूचं झाड,
चर्चहून म्हातारं, आतून पोकळ,
बाहेरून हिरवंगार, कुणाचं काही न ऐकणारं.
आणि त्यात गोल्डक्रेस्ट.
पाच ग्रॅमचा जीव. त्याचा आवाज म्हणजे
सुईच्या टोकाने काचेवर ओढलेली रेघ,
पुन्हा एक रेघ, पुन्हा एक.

दर हिवाळ्यात इथे हेडलीचं बोट वर जायचं
आणि माझं वाक्य अर्ध्यात तुटायचं.
एकदा तर बहिणीच्या घटस्फोटाची बातमी
मी या झाडाखाली तशीच लोंबकळत ठेवली होती.

आज बोट खिशातच.
त्या रेघांच्या खालून तो सरळ चालत गेला,
गेटच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीबद्दल बोलत.

वय झालं की वरचे सूर आधी जातात
हे मला ठाऊक होतं.
कुणाचे, कधी, हे कुठे ठाऊक होतं?

"थांब हं," मी म्हणाले, "नाडी सुटली माझी."
आणि वाकले, बोटांनी काहीतरी करत राहिले
बराच वेळ.
वाट पाहणारा माणूस कुठे तरी बघतोच.
तो वर बघू लागला.

फांदीच्या टोकाशी काहीतरी हललं.
डोक्यावर पिवळी रेघ, ओढलेल्या काडीसारखी.
दुर्बीण वर गेली.
चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती.
दुर्बीण खाली आली.
पुन्हा वर गेली, आणि या वेळी
तिथेच राहिली.
माझी कंबर धरली, पण मी उठले नाही.

कुंपणाच्या पायऱ्या चढताना,
माझ्याकडे पाठ करून, तो म्हणाला,
"रबरी बुटांना नाड्या नसतात, ग्वेन."
"नसतात," मी म्हणाले.
पुढचा अर्धा मैल नुसता चिखल बोलला.

दुपारी पबमध्ये शेकोटीशी वही उघडली.
त्याचे रकाने ठरलेले: पक्षी, संख्या, जागा,
आणि शेवटी ऐकला तर 'ऐ', पाहिला तर 'पा'.
गोल्डक्रेस्ट. एक. यू.
पेन्सिल थांबली.
त्याने चाकूने तिला टोक केलं, टोक ठीकच असताना.
मग लिहिलं: पा.
आणि त्याच्या शेजारी, वही जराशी माझ्याकडे वळवून,
ग्वेन: ऐ.

तेवढ्यात सूप आलं.
बटाट्याचं. मीठ जरा जास्तच होतं.