खर्जासाठी खाच

पाथर्डी फाट्याची तिसऱ्या मजल्यावरची खोली.
रविवार. टॉवेलवर बेस उताणा.
मानेखाली बुटांचा रिकामा खोका,
म्हणजे डोकं लोंबकळत नाही.

पाच तारांचा जोड मागवला मी,
चारच लागतात तरी.
सगळ्यात बारीक तार पाकिटातच राहू दे.
बाकीच्यांनी एकेक घर सरकायचं:
ई होती तिथे बी, ए होती तिथे ई,
असं करत शेवटपर्यंत.
भाडेकरू तेवढेच,
तळमजल्यावर मात्र एक जाडजूड माणूस आला.

जाडी एकशे तीस थाऊ.
व्हर्नियर माझा स्वतःचा आहे, कंपनीचा नव्हे.
अंबडला आठवडाभर दुसऱ्यांच्या पिना मोजते,
आज माझी तार.
नटावरची खाच एकशे पाचची.
तार तिच्यावर बसते
रिक्षात ड्रायव्हरशेजारी चौथा बसावा तशी,
अर्धी बाहेर.

टूलरूमच्या घोटेकरांनी सुई-कानस दिली.
काय घासणार, म्हणाले.
हाड, म्हटलं.
पुढे विचारलं नाही त्यांनी.
पण खरंच हाड आहे ते,
घासताना दाताच्या दवाखान्यातला वास येतो.
चार हात, फुंकर, माप.
चार हात, फुंकर, माप.
जास्त गेलं तर परत भरता येत नाही,
आमच्या धंद्यात हे पहिल्या दिवशी शिकवतात.

एस्तेरच्या डॉक्टरांनाही शिकवलं असणार.
गळ्यातली गाठ निघाली, सगळी, स्वच्छ.
रिपोर्ट चांगला आला,
तिच्या आईने शरणपूरभर पेढे वाटले.
मग महिन्याने कळलं, वरचे सूर
गाठीबरोबर गेले.
जिथे ती हसत हसत चढायची
तिथे आता नुसती हवा.
बोरस्ते म्हणाला, दुसरी कुणी बघू या का, तात्पुरती?
ड्रमवाल्याला पट्टी नसते, त्याचं काय जातं.
मी म्हटलं, गाणी उतरवू.
षड्जावरून खालच्या पंचमावर.
तिला शिडी लावण्यापेक्षा
आपण जमीन खणू.
खण, म्हणाला, पैसे तुझे.

आधी वाकवायची, मगच कापायची,
नाहीतर वेढे गाभ्यावरून सुटतात
आणि अडीच हजार पाण्यात.
खुंटी फिरवते. अजून नुसती दोरी.
फिरवते. अजून दोरीच.
मग एकदम पोटात काहीतरी.
सेकंदाला एकतीस हेलकावे.
हलताना डोळ्यांना दिसते ही तार,
पाळण्याच्या दोरीसारखी, धूसर.

देवळालीला तोफांचा सराव असतो
तेव्हा आधी खिडकीला कळतं, मग भांड्यांना,
कानाला सगळ्यात शेवटी.
तसंच.
डाळीच्या डब्याचं झाकण थरथरलं,
शेजारच्या वाणीकाकू गॅलरीत आल्या
आणि आभाळाकडे बघून
वाळत घातलेल्या पापड्या आत घेऊन गेल्या.

मान जराशी हलली. ताण निराळा झाला ना.
आत लोखंडी सळई आहे, तिला पाव फेरा,
पाव फेऱ्यावर थांबायचं,
लाकडाला एक रात्र द्यायची.
बाराव्या पडद्यावर बी अजून थोडी चढी बोलते.
खोगीर मागे, अजून मागे,
स्क्रू संपला.
एवढं खोटं राहील.

रात्री दहाला एस्तेरला पाठवलं,
ॲम्पजवळ फोन धरून रेकॉर्ड केलेलं,
तिच्याच गाण्याची सुरुवात.
दोन निळ्या खुणा.
बराच वेळ काही नाही.
मग: अगं, काहीच वाजत नाहीये.
फक्त तुझं बोट लागल्याचं टक् टक्.

फोनमध्ये मावत नाही ते, लिहिलं.
उद्या ये.
चपला काढून फरशीवर बस.