बद्द

एकोणतीस वर्षं बातिस्त फरश्या ऐकायचा.
भट्टीतून आली की पेरानं टकटक —
खणखणीत ती पुढे, बद्द ती बाजूला.
तडा दिसायच्या आधी त्याला ऐकू यायचा.

ओंदात बांधकामं थांबली,
मग भट्ट्या.

आता तो घरातलं सगळं वाजवून बघतो —
कप, न्हाणीची भिंत, बाजारातली कलिंगडं.
भत्त्याच्या खिडकीवर विचारलं, "दुसरं काय येतं?"
तर काचेवर टकटक करून म्हणाला,
"ही जाणार."

काल रात्री रेमेदियोसला जाग आली.
उताणा पडून, श्वास धरून
तो स्वतःच्या छातीवर पेर आपटत होता.

"कशी वाजते?"

त्यानं अंधारात तिचा हात ओढून तिथं ठेवला.
"तूच ऐक.
मला आताशा सगळंच बद्द ऐकू येतं."