पंधरा मिनिटं, उभ्यानं

तार्तूत जानेवारीत सकाळी आठला
खिडकीबाहेर अजून रात्रच असते.
आम्ही सहा जण भिंतीपाशी उभे राहतो.
खुर्च्या आहेत, पण बसायचं नाही.
बसलं की बोलणं पाय पसरतं,
असं हेल्वी म्हणते.

याला स्क्रम म्हणतात. नाव ऐकून
मला आधी धक्काबुक्की वाटली होती.

हेल्वी साहेब नाही, हे कळायला मला महिना लागला.
ती कामं वाटत नाही, हजेरी घेत नाही,
फक्त विचारते, घोडं कुठं पेंड खातंय,
आणि मग दिवसभर त्या घोड्यामागं धावते.

भिंतीवर तीन रकाने: करायचं, चालू, झालं.
बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीचं तिकीट-यंत्र
आम्ही चिठ्ठ्याचिठ्ठ्यांनी बांधतोय.
कुठली चिठ्ठी आधी, ते रेइन ठरवतो.
दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये किती पेलतील, ते आम्ही.
एकदा उचलल्या की मध्येच वरून
नवी कुणी लादायची नाही.
रेइननंसुद्धा.

उर्मासची चिठ्ठी नऊ दिवस 'चालू'मध्ये होती.
कोपरे वळले, डिंक सुटला,
एकदा गळून पडली तर त्यानंच उचलून लावली.
काल काय केलं? तेच.
आज? तेच.
काही अडलंय? नाही.
एकोणसाठ वर्षांचा माणूस. त्याच्या तरुणपणी
योजना पाच-पाच वर्षांच्या असत,
आणि 'अडलंय' म्हणणाऱ्याचं नाव
कुठंतरी लिहून घेतलं जाई.

दहाव्या दिवशी बुटांकडं बघत तो म्हणाला,
"मला येत नाहीये."
कुणी काही बोललं नाही. इथं तशीही बोलायची घाई नसते.
त्रीनूनं फक्त आपली खुर्ची ओढली
ती त्याच्या टेबलापर्यंत.

शुक्रवारी बेटावरून साल्मे आली,
चाळीस वर्षं धक्क्यावर तिकिटं फाडलेली.
आम्ही यंत्र पुढं केलं.
तिनं हातमोजा न काढताच बोट टेकवलं.
काही झालं नाही. पुन्हा टेकवलं.
"धक्क्यावर वारा असतो," ती म्हणाली,
"तिथं हात उघडा कोण करील?"

ती गेल्यावर आम्ही आमच्याबद्दल बोललो,
यंत्राबद्दल नाही: काय जमलं, कुठं फसलो.
उर्मासची पाळी आली.
"नऊ दिवस," एवढंच म्हणाला.

सोमवारी पहिल्या रकान्यात नवी चिठ्ठी,
त्याच्याच तिरक्या अक्षरात:
हातमोज्यालाही कळेल असं बटण.