साडेचार व्होल्ट

गुरुवारी रात्री पेडल मेलं.
पाय दिला, लाल दिवा लागला,
आणि गिटारमधून आला
शेगडी विझताना येतो तेवढाच आवाज.
नुवान काठ्या मांडीवर ठेवून म्हणाला, फिनिश.
सोहारच्या कॅम्पची गच्ची. रात्रीचे नऊ, त्रेचाळीस अंश,
खाली रिफायनरीच्या बसेस इंजिन चालू ठेवून उभ्या.

डबा माझ्या हातचा. ओमानी हलव्याचा, पत्र्याचा,
झाकणावरची किटली अर्धी खरवडलेली.
आत दोन जर्मेनियम ट्रान्झिस्टर,
रुवीच्या यूसुफ बलोचने खणातून चिमट्याने उचलून दिलेले.
पैसे घेतले नाहीत,
चहा मात्र तीन वेळा माझ्या खात्यावर प्यायला.

तर, खोलीत. एसी बाविसावर.
स्मोक अलार्मवर बिजॉयचा मोजा,
पलंगावर जुना पेपर, पेपरावर डबा उपडा.
दिवसभर प्लांटवर मी हेच करतो:
प्रेशर खोटं बोलतंय की गेज, ते ठरवतो.
तिथला नियम एकच. आपल्याला आलेला संशय शेवटी ठेवायचा,
आधी बॅटरी.

बॅटरी नऊ पूर्णांक एक.
जॅक घट्ट. स्विचचे नऊ पाय, नऊही बोलतात.
भिंगातून एक डाख काळपट वाटला,
वितळवून पुन्हा दिला. राळेचा वास उशीत शिरला.

मग आवाजाच्या मागे निघालो.
वायरच्या एका टोकाला कपॅसिटर, दुसरं टोक ॲम्पमध्ये,
बिजॉय एकच तार छेडतोय, तीच, तीच, तीच,
आणि मी टोक टेकवत विचारतोय,
इथवर आलास? आलो.
इथवर? आलो.
पहिला ट्रान्झिस्टर ओलांडलास? ओलांडला, अंगाने भरून.
दुसरा?
दुसऱ्यातून तो असा बाहेर पडला
की शेजारच्या खोलीतून भिंतीवर बुक्का बसला.

म्हणजे काहीच बिघडलेलं नाही.

याइतकी वाईट बातमी नाही.
फोनवर शर्वरी म्हणाली, तुझ्यावरच गेलाय डबा.
डॉक्टरसमोर बसलास की ताप उतरतो.

शुक्रवारी पुन्हा गच्चीवर, पुन्हा विझती शेगडी.
मीटर लावला दुसऱ्याच्या कलेक्टरला:
साडेचार हवेत, दाखवतोय आठ.
खाली नेला. तेवीस पायऱ्या, वीस मिनिटं. साडेचार.
वर आणला. पाच. सहा. सव्वासात.
आकडा माझ्यामागून जिना चढून येत होता.

गळती प्रवाह. दर दहा अंशांना साधारण दुप्पट.
हे मी लिहिलेलं आहे पेपरात, पाच मार्कांना,
रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकात,
जिथे पारा छत्तिशीला टेकला
की माणसं एकमेकांना थांबवून सांगत.

नुवानने फ्रीजमधून लबनशेजारचा बर्फ आणला,
पिशवीत एक खडा, गाठ मारून,
ट्रान्झिस्टरच्या टोपीवर धरला.
एक, दोन, सात, आठ,
आणि आवाज उठून बसला.
नुवान एवढा हसला की बर्फ हातातून निसटला,
आवाज पुन्हा आडवा.

सिलिकॉनचे टाक, बिजॉय म्हणाला, एका रियालचं काम,
वाळवंटातसुद्धा हूं की चूं करत नाहीत.
बरोबर आहे त्याचं.
मी मान हलवली आणि ड्रिल शोधायला गेलो.

किटलीच्या तोटीपाशी आता एक छिद्र आहे,
स्क्रूड्रायव्हर जाईल एवढं,
आत फिरतं एक छोटं प्रीसेट,
आणि मार्करच्या दोन खुणा: खोली, गच्ची.
वर जाताना पाव वळसा इकडे, उतरताना पाव वळसा तिकडे.
ऑगस्टात हेही पुरणार नाही, मला माहीत आहे.

सापडला का बिघाड, शर्वरीने विचारलं.
नव्हताच, म्हणालो.
मग दुरुस्त काय केलंस?
भोक पाडलं.